डावीकडे

कुताइसीच्या मिनीबसमध्ये मी उजव्या खिडकीशी बसते.
मान वळली तर माणसांकडे वळते,
काचेवर नाक आपटत नाही.
शेजारच्या बाईला वाटतं, मी तिच्या पिशवीकडे बघतेय.
पिशवी हळूच पलीकडच्या मांडीवर जाते.
सात वर्षं झाली,
मी लोकांच्या पिशव्यांकडे बघणारी बाई आहे.

हनुवटीला एक बोट लावलं की डोकं सरळ होतं.
ढकलायचं नाही, नुसतं टेकवायचं,
रुसलेल्या पोराला हात लावावा तसं.
त्या एका बोटावर लेकीच्या लग्नात
मान सांभाळली, आणि मानही.
फोटोत सगळे हसतायत.
मी तेवढी विचारात पडलेली.

कुपी रिकामीच दिसते.
"आहे आत," डॉक्टर नेस्तान म्हणते,
"दिसण्याइतकं नाही, एवढंच."
खारं पाणी सोडते, कुपी फिरवते, हलवत नाही.
पहिल्या खेपेला मी औषधाचं नाव विचारलं,
आणि नाव ऐकून खुर्चीतून उठले.

त्र्याण्णवचा हिवाळा. वीज नव्हती.
मेणबत्तीच्या उजेडात त्सियालाने बरणी उघडली:
वांगी, लसूण, आमच्याच परसातलं सगळं,
आमच्याच हातांनी धुतलेलं.
माझी दाढ ठणकत होती, मी नुसता पाव चोखला.
दुसऱ्या संध्याकाळी ती म्हणाली,
"लामारा, तू दोन दिसतेस."
"एक पुरत नाही का तुला?"
आम्ही हसलो. खूप हसलो.
मग पापण्या उचलेनात.
मग घास उतरेना.
गाडी होती, पेट्रोल नव्हतं.
ती आत पूर्ण जागी होती,
माझा हात दाबायची, आधी जोरात,
मग मला वाटायचं की दाबतेय.

"तेच?" मी उभ्यानेच विचारलं.
"तेच," नेस्तान म्हणाली. खोटं बोलली नाही.
"तिथे कुणी मोजलं नव्हतं."

चार महिन्यांनी परत गेले.
डाव्या हाताचं बोट हनुवटीला,
उजव्याने सही.

यंत्राला आवाज आहे.
सुई हट्टी स्नायूत शिरली
की मक्याच्या लाह्या फुटतात आत.
"वळते डावीकडे, आणि टोचतेस उजवीकडे?"
"ढकलणारा उजवीकडे बसलाय," ती म्हणाली.
"डावीकडे मागे त्याचा साथीदार. त्यालाही देते."

पाच दिवस काही नाही. सहा दिवस काही नाही.
सातव्या दिवशी भांडी विसळताना ध्यानात आलं,
नळ समोर आहे.
बशी हातात धरून मी नळाकडे बघत राहिले.
पाणी वाया गेलं बरंच.

घास मात्र अडखळला थोडे दिवस.
तसं होतं, सांगितलं होतं तिने.
तरी पहिल्यांदा अडखळला
त्या रात्री मी झोपले नाही,
दर तासाला पापण्या चाचपत होते.

बरण्या अजून भरते मी.
व्हिनेगर सढळ हाताने घालते,
उघडल्यावर उकळतेही.
लेक म्हणते, आंबटढाण झालंय,
चव गेली.
म्हणू दे.

टेबलाशी त्सियाला माझ्या डावीकडे बसायची.
हे मी एकदा नेस्तानला सांगितलं, सुई आत असताना.
ती थांबली नाही.
"मेंदूतल्या तारांचा घोळ आहे, मावशी.
दुःखाने मान वळत नाही."
असेल.
शिकलेली पोर आहे, हात हलका आहे तिचा.

अकराव्या आठवड्यात ओढ परत सुरू होते,
मागून कुणी बाही धरावी तशी.
पुढची तारीख कॅलेंडरवर असते. मी जाते. चुकवलेली नाही एकही.
पण त्या आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी
बोट लगेच उचलत नाही.
जाऊ देते मानेला, जायचं तिथे.

डावीकडे खुर्ची.
खुर्चीवर दोरीवरून काढलेले कपडे,
अजून गार.

उठते. घड्या घालते.